दोन टिंबं

साहेबांनी एकाच गावात अर्ध्या तासाच्या अंतरानं तेच भाषण दोनदा केलं, त्याला आज बावीस दिवस झाले होते; आणि घरात त्याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पहिल्यांदा टाळ्या पडल्या त्या आदराच्या होत्या. दुसऱ्यांदाही पडल्या, पण त्या लोकांनी मान खाली घालून वाजवल्या. पंचवीस वर्षं व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत बसलेल्या बाईला टाळ्यांमधला एवढा फरक कळतो. भाषण नेहमीचंच होतं. "मी उमेदवारी मागायला कुणाच्या दारात गेलो नाही, उमेदवारी माझं दार शोधत आली," इथून ते सुरू व्हायचं आणि कालव्याच्या पाण्यावर संपायचं. साहेब खाली उतरले, पाणी प्यायले, गुडघ्यावर हात टेकत पुन्हा पायऱ्या चढले आणि माइकसमोर उभे राहून म्हणाले, "मी उमेदवारी मागायला कुणाच्या दारात गेलो नाही..."

परतताना गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "आज लोक जरा गप्प होते, नाही?"

"ऊन होतं," वहिनी म्हणाल्या.

त्यांना सगळा मतदारसंघ वहिनीच म्हणे, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. त्या दिवसापासून वहिनी नवऱ्याकडे जरा जास्त बारकाईनं बघू लागल्या. एके सकाळी साहेब तयार होऊन निघाले ते थेट जुन्या ऑफिसच्या दाराशी. ते ऑफिस हलून अकरा वर्षं झाली होती. तिथं आता चपलांचं दुकान होतं. दुकानदारानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मागच्या बाजूला जाऊन वहिनींना फोन केला. असं काही घडलं की वहिनी रात्रभर छताकडे बघत पडायच्या. पहिले काही दिवस त्यांना भीती वाटली. मग भीतीचाही कंटाळा आला आणि नुसता थकवा उरला.

काल दुपारी साहेब झोपलेले असताना वहिनींनी शिवणयंत्राच्या खणातून लेटरपॅड काढलं, सात ओळींचं पत्र लिहिलं आणि खाली साहेबांची सही केली. पत्र पाकिटात घालून पक्षाच्या जिल्हाध्यक्षांकडे पाठवून दिलं.

सहीत नवल काहीच नव्हतं. साहेबांची सही पंचवीस वर्षं वहिनीच करत आल्या होत्या. पहिल्या निवडणुकीत साहेब आमदार झाले आणि सकाळी सहापासून दारात माणसं उभी राहू लागली. कुणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी, कुणाला विजेच्या खांबासाठी. साहेब दौऱ्यावर. "तूच करत जा गं, माझं अक्षर कोण बघतंय," असं ते म्हणाले आणि वहिनी सांगत त्याप्रमाणे त्यांनी दोन संध्याकाळी बसून ती सही गिरवली. पेन चालतंय की नाही हे बघायला आधी कागदावर दोन टिंबं द्यायची त्यांना सवय. ती टिंबं कधी सहीखाली जाऊन बसली ते त्यांनाही कळलं नाही. पुढे साहेबांनी स्वतःच्या हातानं सही केलेलं एक पत्र बांधकाम खात्यातून परत आलं : सही जुळत नाही. साहेब ते घेऊन घरी आले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि कागद वहिनींपुढे ठेवून म्हणाले, "घे बाई, खरी सही कर."

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर कुणाला ठाऊक नाही, असं घरच्यांना वाटत होतं.

पण आजवर साहेब सांगत आणि वहिनी सही करत. कालचं पत्र साहेबांनी सांगितलेलं नव्हतं.

आज रविवार. उमेदवारांची नावं संध्याकाळपर्यंत वर जायची होती, आणि चार वाजता जिल्हाध्यक्ष येणार होते. तीनपासूनच सगळे पुढच्या खोलीत जमले. साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. साल न तुटता एका पट्टीत निघावी म्हणून त्यांची खटपट चालली होती.

"बाबांनी फक्त उभं राहायचं," मुलगा म्हणाला. साहेबांचं ऑफिस तो सांभाळत असे. "भाषणं मी लिहीन, दौरे मी आखीन, सभेला मी शेजारी बसेन. त्यांना बोटसुद्धा हलवावं लागणार नाही."

"हो, तू आखलंस म्हणूनच मागच्या वेळी नगरपालिका गेली," पुतण्या म्हणाला. तो रस्त्यांची कामं घेई. घरात त्याला ठेकेदारच म्हणत. तो लहानपणापासून याच घरात वाढलेला. "काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही आता आराम करा. लोकांना नवा माणूस हवाय."

"आणि तो नवा माणूस कोण? आरशात दिसतो तो?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"नाव कशाला घ्यायला हवं? बोर्ड छापून तयार आहेत तुझे. आमच्याच प्रेसवाल्यानं सांगितलं."

"बाबांना कुणी विचारलंय का?" लेक म्हणाली. ती शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. सकाळच्या गाडीनं आली होती आणि तेव्हापासून दहा वाक्यंही बोलली नसेल.

"ताई, तू यात पडू नकोस. तुला इथलं काय माहीत?" मुलगा म्हणाला.

"मला बाबा माहीत आहेत."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. संत्र्याची साल तुटली. ते म्हणाले, "पक्ष म्हणेल तसं," आणि एक फोड तोंडात टाकली. पंचवीस वर्षं ते हेच म्हणत आले होते.

व्हरांड्यात एक निवृत्त लाइनमन अकरा वाजल्यापासून बसून होता. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. ती जरा अलीकडे घ्या म्हणून त्याला मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी हवी होती. वहिनींनी त्याला दोनदा चहा दिला होता आणि दोनदा सांगितलं होतं, आज घरात गडबड आहे. "बसतो की," तो म्हणाला होता. "माझं काय, आयुष्य खांबावर गेलं. खाली बसायला मिळतंय तेच पुष्कळ."

जिल्हाध्यक्ष आले ते घाम पुसतच. साहेबांच्याच वयाचे, त्यांच्याच पहिल्या निवडणुकीपासूनचे सोबती. हातात जुनी फुगलेली चामड्याची बॅग. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी कुणाकडे न बघता खिशातून पाकीट काढलं.

"दादा, तुमचं पत्र मिळालं," ते साहेबांना म्हणाले.

"कुठलं पत्र?" मुलानं विचारलं.

वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. साहेब आता विचारतील, 'मी कधी लिहिलं?' आणि मग सगळ्यांच्या माना या दाराकडे वळतील. उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं; ते कुणाला आवडणार नाही हेही त्यांना माहीत होतं.

अध्यक्षांनी चष्मा लावून वाचलं. "प्रकृती साथ देत नाही, म्हणून या वेळी मी उभा राहणार नाही. माझ्या जागी कोण हे पक्षानं ठरवावं. विनंती एकच : माझ्या घरातल्या कुणालाही केवळ माझ्या नावावर उमेदवारी देऊ नये. नाव माझं आहे, ते माझ्याबरोबरच थकलं आहे."



पहिल्या दोन वाक्यांना ठेकेदाराचा चेहरा उजळला होता आणि मुलाचा पडला होता. तिसऱ्या वाक्यानंतर दोघांचे चेहरे सारखेच झाले. ठेकेदार उठला आणि मुलाच्या शेजारी जाऊन बसला. पंधरा वर्षांत ते दोघे एका कोचावर बसलेले वहिनींनी पाहिले नव्हते.

"वहिनी, पाणी देता?" अध्यक्ष म्हणाले.

त्या आत गेल्या. मागोमाग लेक आली. तिनं पेले काढले, ओट्यावर ओळीनं मांडले आणि हळूच म्हणाली, "माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा तीच दोन टिंबं असायची, आई."

"पाणी सांडशील."

"त्यांना सांगितलंस तरी का?"

"काय सांगायचं? तुम्ही विसरायला लागलात, हे? सकाळी सांगितलं तर दुपारी विसरतील, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागेल. हे एकदाच सांगण्यासारखं आहे, रोज नाही."

"आणि बाहेर कळलं तर? खोट्या सहीचं पत्र म्हणतील."

"म्हणू देत."

"तू घाबरलीयस."

"दमलेय," वहिनी म्हणाल्या. "तो ट्रे दे इकडे."

त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगा बोलत होता. "पत्र खरं की खोटं, हे आधी बघायला हवं. बाबांच्या शत्रूंना काय तोटा आहे? लेटरपॅड काय, कुणीही छापतो."

"अगदी बरोबर," ठेकेदार म्हणाला. "साधी गोष्ट आहे. काकांनी इथंच, सगळ्यांसमोर एक सही करावी. जुळली तर आम्ही दोघं तोंडातून शब्द काढणार नाही."

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला. मुलानं त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. तो ठेकेदाराच्या गुडघ्याकडे बघत होता. म्हणजे दोघांनाही कळलं होतं. पत्र कुणी लिहिलं हे दोघांनी ओळखलं होतं. आणि आईचं नाव न घेता आईला उघडं पाडायची वाट त्यांना सापडली होती. या मुलाला सही करायला कुणी शिकवलं होतं? याच टेबलावर, त्याच्या हातावर हात ठेवून. वहिनींना राग यायला हवा होता. तो शोधून पाहिला तर सापडेना.

"आण कागद," साहेब म्हणाले.

मुलानं कागद पुढे केला, पेनाचं टोपण काढून दिलं. साहेबांनी पेन धरलं. पहिलं अक्षर कागदाच्या मध्यापासून सुरू झालं आणि शेवटची रेघ खाली घसरत कडेपर्यंत गेली. टिंबं नव्हती. टिंबं त्यांच्या सहीत कधीच नव्हती.

ठेकेदारानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "बघा! याचा त्याच्याशी काडीचा संबंध आहे का? अध्यक्षसाहेब, तुम्हीच सांगा."

अध्यक्षांनी दोन्ही कागद घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग बॅग मांडीवर घेऊन उघडली. आत कागदांच्या चळती, दोऱ्यानं बांधलेल्या. त्यांनी एक दोरा सोडला.

"नाही जुळत," ते म्हणाले. "मग आपण सगळंच तपासू या. हे बघ, हे तुझ्या पहिल्या पुलाच्या कामाचं शिफारसपत्र. मला आलेली प्रत. खाली दोन टिंबं. खोटं धरायचं?"

अध्यक्षांनी चळतीतून दुसरा कागद काढला.

"आणि हे तुझ्या या भावाला दूध संघावर घ्यावं म्हणून आलेलं. दोन टिंबं. उद्या मी वर कळवतो, की दादांची खरी सही आज सापडली, आधीची सगळी बनावट होती. चालेल? शाळेच्या इमारतीपासून स्मशानाच्या शेडपर्यंत सगळं उकरावं लागेल. तुमचंही निघेल, माझंही निघेल. मला स्वतःला अध्यक्ष करा म्हणून जे पत्र गेलं होतं ना..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यावरही टिंबं होती. मला पाठ आहेत."

ते बोलताना त्यांनी दाराकडे मुळीच पाहिलं नाही. आपल्याकडे न बघण्यासाठी माणूस एवढा जपून बसू शकतो, हे वहिनींना नवीन होतं.

"बाबा, तुम्ही बोला ना," मुलाचा आवाज चढला. "तुम्ही लिहिलंय का हे? एवढंच सांगा. हो किंवा नाही."

साहेबांनी टेबलावरची संत्र्याची साल उचलली, तुटलेली दोन टोकं जुळवून पाहिली आणि खाली ठेवली.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. "हात आता असा चालतो. पत्र लिहिलं तेव्हा बरा होता."

"पण बाबा—"

"पंचवीस वर्षं जी सही चालली ती माझी. तुला दूध संघावर घेतलं तेव्हा तू विचारायला आला नाहीस."

अध्यक्ष पाणी प्यायले आणि त्यांनी कागद पुन्हा बांधले. दोऱ्याची गाठ नीट बसेना, तेव्हा लेकीनं ती बसवून दिली. निघताना ते दारात थांबले. "वहिनी," ते म्हणाले. "चहा राहिला," एवढं म्हणून पायऱ्या उतरले. ठेकेदार त्यांच्या मागे बोलत बोलत फाटकापर्यंत गेला. मुलगा थोडा वेळ बसून राहिला, मग आईच्या शेजारून जाताना पुटपुटला, "निदान मला तरी सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

तो थांबला. "नाही," म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला. लेक पेले विसळायला आत गेली आणि मुद्दाम नळ मोठा सोडून उभी राहिली.

खोलीत दोघंच उरली. उन्हं खिडकीतून उतरून साहेबांच्या पायांपर्यंत आली होती.

"विसरतो मी हल्ली," साहेब म्हणाले. "पण एवढा नाही. मी असं पत्र लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलंत."

"मला न विचारता अशी किती पत्रं गेली?"

वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या. आज दिवसभरात त्या पहिल्यांदाच बसत होत्या. "दोन."

"दुसरं कुठलं?"

"दुसरं हे. पहिलं पंचवीस वर्षांपूर्वीचं. उमेदवारीसाठी अर्ज लिहून तुम्ही आठ दिवस कपाटात शर्टांच्या खाली ठेवला होता. रोज रात्री काढायचा, वाचायचा, पुन्हा ठेवायचा. सहीसुद्धा केली नव्हती. नवव्या दिवशी मी केली आणि टपालपेटीत टाकला. सही शिकायला दोन संध्याकाळी लागल्या म्हणते ना मी, त्या त्याच."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे उमेदवारी माझं दार शोधत आली ती..."

"तिला पत्ता कुणीतरी दिला होता."

साहेब हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मग हसणं हळूहळू थांबलं.

"त्या गावात दोनदा म्हटलं ते वाक्य," ते म्हणाले.

वहिनींनी मान वर केली.

"दुसऱ्यांदा अर्ध्यावर आलो तेव्हा कळलं मला. कालव्यापाशी आलो होतो. समोर एक म्हातारी पदर तोंडावर धरून बसली होती. तिच्याकडे बघितलं आणि कळलं. पण थांबायचं कसं? भाषण सुरू करायला शिकलो गं मी. मध्येच थांबायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही. मग केलं पुरं."

"मला वाटलं, तुम्हाला..."

"ऊन होतं म्हणालीस. मला बरं वाटलं."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. व्हरांड्यात कुणीतरी खोकलं, जरा जास्तच मोठ्यानं.

"तो लाइनमन," वहिनी म्हणाल्या. "अकरापासून बसलाय."

"बोलव. निवडणूक होईपर्यंत तर आहे ना मी आमदार?"

लाइनमन टोपी हातात धरून आत आला. वहिनींनी चिठ्ठी लिहिली. त्यांनी खाली सही करण्यासाठी पेन टेकवलं, तेवढ्यात साहेबांनी हात पुढे केला. "दे. हिच्यावर मी करतो."

पुष्कळ वेळ लागला. लाइनमन अदबीनं भिंतीकडे बघत उभा राहिला. सही झाली, तशीच उतरती, शेवटची रेघ कडेला जाऊन टेकलेली. साहेबांनी कागद फुंकून वाळवला आणि त्याला दिला.

लाइनमननं कागद हातात घेतला, वाचला, आणि तो जागचा हलेना. एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"राग मानू नका साहेब. सही चांगलीच आहे," तो म्हणाला. "पण वहिनींची टिंबं राहिली खाली. गेल्या साली माझा शेजारी तुम्ही दौऱ्यात दिलेली बिनटिंबांची चिठ्ठी हॉस्पिटलात घेऊन गेला होता. खिडकीवरच्या बाईनं परत पाठवला. म्हणाली, टिंबं घेऊन या."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींना कुठं बघावं ते कळेना.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना..." त्या म्हणाल्या.

"कुणाला नाही माहीत?" लाइनमन म्हणाला. "पण बोलायचं कशाला?"

वहिनींनी कागद परत घेतला, टेबलावर ठेवला, हातानं सरळ केला आणि त्या घसरत गेलेल्या सहीखाली दोन टिंबं दिली.